चारच्या जागी

दाऊद,

परवा तुला मातीत ठेवून आलो आणि काल कंपनीने तुझी खाट दुसऱ्याला दिली. मलबारी पोरगा आहे. सभ्य आहे, घोरत नाही, भांडत नाही, आरशासमोर उभा राहून दहा वेळा केस विंचरत नाही. सकाळी त्याने मला सलाम केला तेव्हा मी त्याच्याकडे असं काही पाहिलं की बिचारा टॉवेल उचलून बाहेर गेला. त्याचा काय दोष? पण इतकी वर्षं तू पत्र्याच्या पेटीवर बोटं वाजवून मला उठवलंस. आता गजराच्या घड्याळाने जाग येते आणि मी तुझ्या बोटांची वाट बघत पडून राहतो.

लोक येऊन विचारतात, वय काय होतं, मागे कोण कोण आहे, आजार काय होता. सांगतो सगळ्यांना. इथे ते लिहीत नाही, तुझं तुला ठाऊकच आहे. मला तुझ्याशी वेगळंच बोलायचं आहे. आपली दोन भांडणं अर्धवट राहिली आहेत. आणि एक बातमी आहे. ती तुला कित्येक वर्षं हवी होती आणि मला ती तुझ्या मयतीच्या दिवशी मिळाली. ती शेवटी सांगेन. आधीच सांगितली तर तू पुढचं ऐकायचा नाहीस, तुला मी चांगला ओळखतो.

दुखानला आपण आलो तो दिवस आठव. दोह्याला आगबोटीतून पडावात आणि पडावातून किनाऱ्यावर उतरलो, कंपनीच्या ट्रकमध्ये बसलो आणि देशाच्या ह्या काठावरून त्या काठावर वाळू खात आलो. ड्रायव्हरने जागेचं नाव सांगितलं तसा तू मला कोपर मारून म्हणालास, "नावातच दुखणं हाय, इस्माईल. मागे फिरू या." अरबीत दुखान म्हणजे धूर, हे आपल्याला पुढे कळलं. तोवर आपल्या कोकणी मंडळीत तुझं दुखणंच रूढ झालं होतं. रत्नागिरीहून नवा कोणी आला की आपण त्याला विचारायचो, काय रे, दुखण्यात कसं वाटतंय?

कंपनी तेल काढायची. मला स्टोअरमध्ये क्लार्काची जागा मिळाली, तुला वर्कशॉपात फिटरची. आणि पहिल्याच महिन्यात तू एका ऑस्ट्रेलियन माणसाच्या पायावर लोखंड पाडलंस.

त्याचं कारण आपल्या वाडीत होतं. खाडीतून होडी वर ओढताना तुझे बा मोजायचे, एक, दोन, तीन, चार. त्यांचा चार म्हणजे आकडा नव्हताच, तो जोर होता. चार हा शब्द तोंडातून निघता निघता सगळ्यांचे खांदे एकदम लागायचे आणि होडी वाळूत सरकायची. जगातली बाकीची माणसं चार म्हणून होईपर्यंत थांबतात आणि मग उचलतात, हे आपल्याला कोणी सांगितलंच नव्हतं. वर्कशॉपच्या अंगणात पंपाचं जड झाकण उचलायचं होतं. एका बाजूला तू, दुसऱ्या बाजूला कॉलिन नावाचा वेल्डर, लांबलचक हातापायांचा, उन्हाने नाक सोललेला. त्याने मोजलं, वन, टू, थ्री, फोर. तू फोरला उचललंस. त्याची बाजू जमिनीवरच होती. झाकण घसरलं ते त्याच्या बुटावर.

तो जे बोलला त्यातला एकही शब्द आपल्या शाळेत शिकवलेला नव्हता. मी स्टोअरच्या दारातून धावत आलो. मला वाटलं, संपलं, आता ह्याला परतीच्या बोटीत बसवतील. कॉलिन एका पायावर नाचत म्हणाला की फोरनंतर उचलायचं. तू सरळ त्याच्या तोंडावर म्हणालास, "फोरलाच उचलतात." त्या माणसाने तुझ्याकडे पाहिलं, आपल्या बुटाकडे पाहिलं आणि हसत खाली बसला.

रात्री जेवताना मी तुला झापलं. "साहेबाशी वाद घालतोस? तू लवकर उचललंस. चूक तुझी."

"मी लवकर नाय," तू भाताचा घास करत म्हणालास. "तेच उशिरा."

हे आपलं पहिलं भांडण. ते तू मरेपर्यंत चाललं.

कॉलिन आणि त्याचे दोन दोस्त, तिघेही ऑस्ट्रेलियन, संध्याकाळी साहेबांच्या क्लबात इलेक्ट्रिक गिटार वाजवायचे. रॉक अँड रोल म्हणायचे त्याला. गाणारा रेग, कामाला ड्रिलिंगवर, बँडचा मालक म्हटलं तरी चालेल. त्यांचा ड्रमवाला सुट्टीवर गेला तो परत आलाच नाही आणि बहरीनहून आणलेले ड्रम तसेच चादर टाकून पडले होते. कॉलिनने तुला जेवणाच्या सुट्टीत उलट्या बादलीवर वाजवताना ऐकलं. आपल्या मोहल्ल्यातल्या लग्नांत डफ वाजवून वाजवून तुझ्या बोटांना खाजच होती ती. त्याने तुला तिथूनच उचललं.

पहिल्या तालमीला तू मला ओढून नेलंस, एकटं जायला भीती वाटत होती म्हणून. क्लबच्या पुढच्या दाराने आपल्याला मनाई. आपण स्वयंपाकघरातून आत गेलो आणि मी तिथेच मोरीजवळ थांबलो. जाळीतून सगळं दिसत होतं. रेगने मोजलं, वन, टू, थ्री, फोर. तू फोरला ठोका हाणलास. सगळे थांबले. रेगने समजावलं. पुन्हा मोजलं. पुन्हा तू फोरला. तिसऱ्यांदाही तेच झालं तेव्हा मला तोंड लपवावंसं वाटलं. रेगने डोक्यावर हात मारून घेतला आणि म्हणाला, असू दे, ह्याला असाच वाजवू दे, आपण मागून येऊ.

आणि काय झालं ते तुला ठाऊक आहे. तुझा तो एक ठोका आधी पडायचा आणि गाणं कोणी पाठीत धक्का दिल्यासारखं पुढे यायचं. गोवेकर आचारी कांदा चिरायचा थांबला. मी मात्र तुला खोलीवर आल्यावर सांगितलं की चुकलास. तुला चढवून ठेवायचं माझ्या स्वभावात नाही.

बँडचं नाव त्यांनी ठेवलं डस्टी गलाज. तुला वाटलं गळा. गाणारी माणसं, गळा हे नाव योग्यच आहे असं तू चार लोकांना सांगूनही आलास. गलाह म्हणजे तिकडचा गुलाबी पोपट, आणि येडचाप माणसालाही ते लोक गलाहच म्हणतात, हे कॉलिनने सांगितलं तेव्हा तू दोन दिवस रुसलास. मग गुलाबी शर्ट शिवून आले. तुझा शर्ट तू लाँड्रीत द्यायचा नाहीस, स्वतः धुवायचास, स्वतः इस्त्री करायचास. आपल्या बराकीच्या दोरीवर तो वाळत असायचा आणि बलुची लोक येता जाता टाळ्या वाजवायचे.

दुखानच्या क्लबात तुम्ही वाजवलंत, मग कंपनीच्या बंदरावर उम सईदला, मग दोह्याला बँकवाल्या साहेबांसमोर. मग एकदा लहान विमानात बसून बहरीनला गेलास. परत आलास तेव्हा तीन दिवस तुझे पाय जमिनीला लागत नव्हते. तिथल्या फौजी पोरांनी फोरला बूट आपटले म्हणे, सगळ्यांनी एकदम. "सगळा हॉल, इस्माईल. जशी काय होडी ओढत होते." मी विचारलं, जेवायला काय होतं? मला तुझा आनंद सोसत नव्हता असं नाही. पण तुझ्यासारखं फुलून जायला मला कधी जमलंच नाही.

एक गोष्ट मात्र मला डाचायची आणि तुलाही. रेग स्टेजवरून सगळ्यांची नावं सांगायचा. तुझ्यापाशी आला की म्हणायचा, ड्रमवर डेव्ह, बॉम्बेचा डेव्ह. बॉम्बे आपण किती पाहिली, तर बोटीत बसायला लागली तेवढी. तू त्याला एकदा म्हणालास, दाऊद म्हण ना. तो गोडच बोलायचा नेहमी. म्हणाला, लोकांच्या तोंडी बसणार नाही, डेव्ह सोपं आहे. तू हो म्हणालास. खोलीवर येऊन मात्र पेटीवर बोटं आपटत बसलास आणि शेवटी म्हणालास, "नाव माझ्या बाने ठेवलंय. एकदा तरी माइकमध्ये घ्यावं त्यांनी." तेवढंच मागणं होतं तुझं. बाकी काही नको होतं तुला, हे मला आता कळतंय असं नाही, तेव्हाच कळलं होतं.

मग नवीन ड्रमवाला आला. त्यांच्याच देशातला, रीतसर शिकलेला. तुझी जागा गेली, त्यांनी तुला काही सांगितलंही नाही. तू संध्याकाळी केस विंचरून क्लबात गेलास आणि आचाऱ्याने तुला मोरीजवळच थांबवलं. परत आलास, शर्ट काढून घडी करून पेटीत ठेवलास. मी खूप बोललो त्या दिवशी. म्हटलं, हे असेच, काम झालं की खलास. तू ऐकून घेतलंस आणि विचारलंस, "तो फोरला वाजवतो का रे?" मी म्हटलं, नाही, तो नीट वाजवतो. तू म्हणालास, "मग नाय चालणार."

आणि नाहीच चाललं. माणूस वाजवायला उत्तम होता, पण गाणं जागचं हलेना. लोक खुर्चीत बसून राहू लागले. हिवाळा संपायच्या आत कॉलिन आपल्या खोलीत आला, माझ्या पेटीवर बसला, माझा चहा प्याला आणि पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाला, तो पंपाच्या झाकणाचा अंगठा अजून दुखतो. माफी मागायची त्याची ती तऱ्हा. तू शर्ट काढून इस्त्री करायलाच लागलास. जरा भाव खाशील, जरा ताणशील, काही नाही. मी असतो तर महिनाभर झुलवला असता त्याला.

माझे अब्बा गेले ती बातमी ह्याच सुमारास आली. बोट मिळेपर्यंत तिकडे चाळिसाव्या दिवसाचं कार्यही उरकलं असतं, मी जाणार कुठे? त्या संध्याकाळी बहरीनचे कोणी साहेब तुम्हाला ऐकायला आले होते. तू गेला नाहीस. कॉलिनला सांगितलंस, पोट बिघडलंय. माझ्या खाटेच्या पायाशी बसलास आणि पेटीवर दोन बोटांनी हळूहळू वाजवत राहिलास, अगदी हलकं, मूल निजवतात तसं. मी तुला त्याबद्दल कधी काही बोललो नाही. आज बोलतो. त्या वाजवण्याने मी त्या दिवशी सावरलो, दाऊद. नाहीतर मला माहीत नाही माझं काय झालं असतं.

मग रेगच्या डोक्यात भरलं की आता मायदेशी जाऊन नशीब काढायचं. तबकडी काढायची, मोठ्या हॉलमध्ये वाजवायचं. तुला म्हणाला, डेव्ह, तूही चल. दहा दिवस तू ऑस्ट्रेलियात राहिलास, दुखानला फक्त कामाला यायचास. तिकडे थंडी केव्हा असते, मासळी कुठली मिळते, मशीद असेल का, मला विचारून भंडावलंस, जसा काही मी तिथे जाऊन आलो होतो. मग रेगने चौकशी केली आणि एका दुपारी वर्कशॉपात येऊन सांगितलं की त्यांच्या सरकारला आपल्या रंगाची माणसं तिथे राहायला नको आहेत. कायदाच तसा आहे. तो बिचारा जमिनीकडे बघून बोलत होता. तू त्याची पाठ थोपटलीस. तू त्याची. मी स्टोअरच्या खिडकीतून पाहिलं ते. मला इतका राग आला की मी हातातला बोल्टांचा डबा खाली आपटला.

शेवटच्या कार्यक्रमातही तो डेव्हच म्हणाला.

ते गेले आणि तुझं नवं वेड सुरू झालं. कंपनीत ऑस्ट्रेलियाचा कोणीही नवा माणूस आला की तू हजर. हात पुसत जायचास आणि विचारायचास, डस्टी गलाज ऐकलाय का? पहिल्या वर्षी सगळे माना हलवायचे. कोण गलाज? तू म्हणायचास, देश मोठा आहे त्यांचा, वेळ लागतो. मग एक जण आला आणि म्हणाला, हो, रेडिओवर लागतात. तू त्याला जेवायला बोलावलंस. त्याच्यासाठी मासळी मागवलीस, आणि तळली मी. पुढचा आला तो म्हणाला, आमच्या शहरात आले होते, बाहेर रांग लागली होती. त्यांचा भाव तुला असा माणसांच्या तोंडावरून कळायचा. मग हळूहळू तोंडं बदलली. लांब केसवाली इंग्लिश पोरं आली म्हणे सगळीकडे, गुलाबी शर्ट कोणाला नकोसे झाले. एक जण म्हणाला, दारूच्या गुत्त्यात वाजवतात आता. त्याच्यानंतरचा म्हणाला, ते अजून आहेत का?

पण त्याआधी, त्यांच्या चांगल्या दिवसांत, सुट्टीवरून आलेल्या एका ड्रिलरने त्यांची तबकडी आणून क्लबला दिली. आचाऱ्याने निरोप धाडला. दुपारी क्लब रिकामा असताना आपण मोरीच्या बाजूने आत गेलो आणि त्याने ती लावली. सुई टेकली, आणि ठोका पडला. फोरला. दुसराच कोणी वाजवत होता, पण ठोका तुझा होता, जिथे तू हाणायचास तिथेच. तुझ्या बांच्या होडीचा ठोका, समुद्रापलीकडून चपटा होऊन आलेला.

मी पेटलो. म्हटलं, चोर आहेत, चोर. माणूस नको, त्याचा हात हवा. नाव तरी आहे का तुझं कुठे ह्या कागदावर? नव्हतं. तू ऐकतच नव्हतास. तू कान ग्रामोफोनच्या लाकडी पेटीला लावून बसला होतास.

"पुन्हा लाव," तू आचाऱ्याला म्हणालास. मग मला, "ऐक. ठोक्याच्या आधी काहीतरी हाय."

"सुई खरखरतेय."

"नाय रे. कोणीतरी बोलतंय. एवढंसं."

"दाऊद, मोजणं कापून टाकलंय त्यांनी. उरलेली खरखर आहे ती."

हे आपलं दुसरं भांडण. किती वेळा ती तबकडी ऐकलीस त्याची गणती नाही. आचाऱ्याला तंबाखू देऊन, त्याच्या गॅसच्या शेगड्या दुरुस्त करून. दर वेळी मला ओढायचास आणि दर वेळी मी म्हणायचो, सुई. मला तुझी कीव यायची. मला वाटायचं, तुला तिथे काहीतरी असायला हवं आहे म्हणून ऐकू येतंय. ह्यावर मी तुला एकदा असंही म्हणालो की आता पुरे, ते तुला विसरलेत. तू म्हणालास, "होडी वर आली ना? मग झालं." आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलास ऐकायला.

ह्या वर्षी बँड मोडला. आणि मोडल्यावर कॉलिन पुन्हा कतारला आला, उम सईदला, वेल्डर म्हणूनच. ट्रकवाल्या बलुच्याने तुला सांगितलं, लांब हाताचा तो तुझा दोस्त आलाय. मी म्हटलं, चल, कंपनीच्या बसने जाऊन येऊ. तू हट्टाला पेटलास. "त्यानं यावं. दुखान त्याला माहीत हाय." शहाणा. दर शुक्रवारी नमाजनंतर केस विंचरून, स्वच्छ कपडे घालून बराकीच्या दारात खुर्ची टाकून बसायचास. मी विचारलं तर म्हणायचास, वारा खातोय. त्या उन्हात कसला वारा?

परवा सकाळी वर्कशॉपात चहाचा कप हातात घेतलास आणि लेथच्या बाजूला बसलास. छातीवर हात ठेवलास म्हणे. मला बोलावणं आलं तेव्हा मी पावती फाडत होतो, ती पुरी केली आणि निघालो. कंपनीच्या दवाखान्यात पोचलो तर डॉक्टर दारातच उभे होते.

आपल्या माणसांनी तुला न्हाऊ घातलं. अत्तर मी लावलं. दुपार कलल्यावर असरच्या नमाजनंतर जनाजा पिकअपमध्ये चढवायचा होता, कब्रस्तान लांब म्हणून. एका अंगाला आपले कोकणी, दुसऱ्या अंगाला मलबारी आणि बलुची. तेवढ्यात उम सईदचा ट्रक आला आणि त्यातून कॉलिन उतरला. कंपनीच्या वायरलेसवर त्याला कळलं होतं. केस पिकलेले, नाक तसंच सोललेलं. त्याने टोपी काढली, माझ्याजवळ आला आणि हळूच विचारलं, मी हात लावला तर चालेल का? मी कोणालाही न विचारता त्याला माझ्या मागे उभं केलं.

कोणीतरी म्हणालं, मोजा रे, एकदम उचला. कोणी मोजेना. तेव्हा माझ्या मानेशी कॉलिनचा आवाज आला, अगदी खालच्या पट्टीत. वन, टू, थ्री. आणि चारच्या जागी त्याने दुसरंच काही म्हटलं. मला शब्द कळला नाही, पण आपल्या कोकणी बाजूचे सगळे खांदे त्याच क्षणी लागले, वाडीत लागायचे तसे. पलीकडची माणसं किंचित मागून आली. तू एवढासा कललास, मग सारखा झालास.

मातीचे हात झटकून आपली माणसं पिकअपकडे गेली. कॉलिन कब्रस्तानाच्या बाहेरच थांबला होता. मी त्याला विचारलं, चारच्या जागी काय म्हणालास? त्याने माझ्याकडे पाहिलं, जसं काही मला हे माहीत असायलाच हवं होतं.

"दाऊद," तो म्हणाला. त्याच्या तोंडी ते डाऊड झालं.

आता बातमी ऐक. तिकडे गेल्यावर त्यांच्या नव्या ड्रमवाल्याला तुझा ठोका जमेना. फोर म्हटलं की तो थांबायचा, सवयीने. तेव्हा कॉलिननेच तोड काढली. फोर म्हणायचंच नाही. वन, टू, थ्री, दाऊद. नाव ऐकलं की हाणायचं. तसं ते बसलं. मग तालमीत, रेडिओवर, त्या रांगा लागलेल्या हॉलमध्ये, शेवटी गुत्त्यात चार टेबलांसमोरसुद्धा, प्रत्येक गाणं त्यांनी तुझ्या नावाने सुरू केलं. रेग माइकमध्ये म्हणायचा. पुढे पुढे लोकच ओरडायचे म्हणे, अर्थ माहीत नसताना. तुझ्या बांनी ठेवलेलं नाव, दाऊद. डेव्ह नाही.

मी कॉलिनला विचारलं, हे दाऊदला का नाही सांगितलंस? इतके आठवडे तू तासाभराच्या वाटेवर होतास. त्याचे डोळे भरले. म्हणाला, त्याला मागे सोडून गेलो आणि हात हलवत परत आलो, कोणत्या तोंडाने येऊ? येणारच होतो. मग म्हणाला, "तो नेहमीसारखा लवकर निघून गेला."

आणि दाऊद, मी, ज्याने जन्मभर तुला लवकर लवकर म्हणून टोचलं, मी त्याला म्हणालो, "तो लवकर नाही गेला. तू उशिरा आलास." म्हणालो आणि मलाच रडू फुटलं. पहिलं भांडण तू जिंकलास. घे.

कॉलिन मला तसाच क्लबात घेऊन गेला, पुढच्या दाराने. माझे पाय मोरीकडे वळत होते. आचाऱ्याने मला पाहिलं आणि न सांगता तबकडी काढली. कॉलिन म्हणाला, तबकडीच्या कंपनीवाल्यांनी मोजणं कापलं, पण नीट कापलं नाही, थोडं शेपूट राहिलं. आचाऱ्याने सुई ठेवली. मी तुझ्यासारखा कान लाकडाला लावला. ठोक्याच्या आधी, अगदी एवढंसं, नखाएवढं, ऊड. मग ठोका.

मी पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा तेच. ऊड, आणि ठोका.

खरखर नव्हती रे ती. तुला हाक मारत होते.